मेव्हण्याचा विनोद माझा होता

शुभाताई, हॉलमध्ये मेव्हण्याचा विनोद मी केला आणि तो तुमच्या नावावर खपला. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणालाही कळू नये यासाठी मात्र मी माझी बरीच अक्कल खर्च केली. एवढी अक्कल कामात घातली असती तर तुम्ही मला दर आठवड्याला ‘मेल्या’ म्हटलं नसतंत.

आता जरा पहिल्यापासून सांगतो. कायद्याचा मसुदा असा लिहावा की ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही तो कळला पाहिजे, असं तुम्हीच म्हणायच्या. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही थोडं लिहिणार आहे. मध्येच ‘कळलं रे, पुढे बोल’ म्हणू नका.

मस्कतच्या आपल्या कंपनीत मी आलो तेव्हा तुम्ही तिथे जुन्या झाला होतात. तुमचं काम नियम लिहिण्याचं, माझं विमानाच्या देखभालीचं. आफ्रिकेतल्या काही शेजारी देशांना विमानांच्या सुरक्षेसाठी सगळ्यांचं मिळून एक प्राधिकरण उभं करायचं होतं. त्याची नियमावली आपल्याकडे आली होती. ते काम मस्कतला का आलं, असं ठाण्याहून माझी बायको फोनवर विचारायची. त्याचं कारण आपले साहेब. सलीमसाहेबांचं बालपण झांझिबारला गेलेलं. त्या देशांतली माणसं आली की साहेब त्यांच्याशी घरच्यासारखं स्वाहिलीत बोलत, आणि निम्मी बैठक तिथेच पार पडे.

पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं, “ताई, प्रत्येक देशाचं खातं आहे ना? मग हे नवीन कशाला?”

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. “जयंता, एका देशाकडे विमानं मूठभर आणि ती तपासणारी माणसं चिमूटभर. तपासनीसानं एखाद्या विमानाला ‘उडायचं नाही’ म्हटलं, तर मालक काय करतो? शेजारच्या देशात जातो, तिथे त्याच विमानाची नोंदणी करतो, आणि थोड्याच दिवसांत ते विमान त्याच तपासनीसाच्या डोक्यावरून उडतं. एक ना धड, भाराभर चिंध्या. सगळ्यांनी मिळून ‘नाही’ म्हटलं की मालकानं जायचं कुठे?”

“पण ताई, सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. गावच्या विहिरीत बादली सगळे टाकतात, गाळ कुणी काढत नाही.”

“म्हणून गाळ काढायला पगारी माणूस ठेवायचा. त्यालाच प्राधिकरण म्हणतात. जा, चहा सांग.”

हा वाद आपण किती ठिकाणी घातला! सगळ्यात जास्त सोहारच्या रस्त्यावर. तुमचे यजमान अविनाशराव सोहारला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, तुम्ही मस्कतला. त्यामुळे आठवडा संपला की तुमची गाडी सोहारकडे निघायची आणि माझं बिऱ्हाड ठाण्याला असल्यामुळे मी शेजारच्या सीटवर. ‘बायको जवळ नसलेल्या माणसाला जेवायला घालणं हे पुण्य आहे, पण तो वाद घालतो म्हणून ते अर्धंच मिळतं,’ हे तुमचं वाक्य अविनाशराव अजून सांगतात.

वाटेत खाबुऱ्याला गाडी थांबायचीच. मासळीबाजारात तुमची भाषा ऐकायला मी मुद्दाम मागे उभा राहायचो. हिंदी, अरबी आणि चिपळूण यांचं ते मिश्रण त्या म्हाताऱ्या कोळ्याला कसं काय कळायचं देव जाणे.

“ये आज का है?”

“आज, आज! वल्ला, आज.”

“खोटं नको बोलू बाबा. इसका आँख देखो. माझ्यापेक्षा थकलेत याचे डोळे.”

तो म्हातारा खदाखदा हसायचा आणि खालच्या बर्फातून दुसरी सुरमई काढायचा. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणायच्या, “बघ, मी तपासनीस, तो मालक. मी एकटी आहे म्हणून त्यानं आधी शिळी दाखवली. बाजारातल्या सगळ्या बायका मिळून आल्या असत्या तर दाखवली असती?” सुरमईवरूनही तुम्ही प्राधिकरणावर यायच्या. मी मासळीची पिशवी मांडीवर धरून म्हणायचो, “सगळ्या बायका मिळून आल्या असत्या तर आधी आपसात भांडल्या असत्या.” यावर तुम्ही गाडीचा वेग वाढवायच्या, म्हणजे मी गप्प बसायचो.

तुमच्या कामाची एक पद्धत होती. मला ती तेव्हा नुसती कॉफी पिण्याची सबब वाटायची. बैठकीच्या हॉलशेजारी कॉफीची खोली होती, गालिचा घातलेली. दल्ला, म्हणजे लांब चोचीची कॉफीची किटली, घेऊन एक माणूस उभा, शेजारी खजुराचं ताट. ओमानी रीत अशी की पाहुण्यानं रिकामा कप हलवला की पुरे, नाही हलवला की परत भरायचा. तुम्ही कप हलवायच्याच नाहीत. एकेका देशाच्या प्रतिनिधीला घेऊन बसायच्या आणि तो मोकळा होईपर्यंत ती कडू कॉफी रिचवत राहायच्या. आधी त्याच्या आईची तब्येत, मग मुलांच्या शाळा, मग पाऊसपाणी, आणि मग कधीतरी तो माणूस हळूच सांगायचा की आमच्याकडे खरं काय चाललंय. ते तुम्ही कुठे लिहून घेत नव्हतात. हॉलमध्ये जाऊन असं कलम सुचवायच्या की त्या माणसाची अडचण दूर व्हावी आणि नाव कुणाचंच निघू नये.

“कॉफीच्या खोलीतलं हॉलमध्ये न्यायचं नाही,” तुम्ही मला बजावलं होतंत. “हॉलमध्ये देश बसलेला असतो. कॉफी माणूस पितो.”

मिस्टर एनॉक तुमच्याशी असेच बोलले. डोंगराळ, समुद्र नसलेला त्यांचा छोटा देश. कोट कायम बंद, बोलणं हळू. त्या दिवशी संध्याकाळी तुमच्या मस्कतच्या स्वयंपाकघरात मी कांदा चिरत होतो आणि तुम्ही आमटीला फोडणी देता देता सांगितलंत, “जयंता, या माणसाचं मला कौतुक वाटतं. त्यांच्याकडे विमान तपासणारा हा एकटाच. आणि विमान कंपनीत देखभालीचा मुख्य कोण, तर ह्याचा मेव्हणा. मेव्हण्याच्या कामावर ह्यानंच शिक्का मारायचा. मला म्हणाला, ‘मॅडम, माझ्या मेव्हण्याला नाही म्हणणारं दुसरं कुणीतरी हवंय. मी म्हटलं तर घरात जेवण मिळत नाही.’ म्हणून तो प्राधिकरण मागतोय. स्वतःची खुर्ची लहान करून घ्यायला निघालाय. असा माणूस बघितलास?”

तुम्ही मला एका माणसाची अडचण सांगत होतात. मला त्यात विनोद तेवढा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तुमचा घसा बसला होता. दुपारचं सत्र तुम्ही मला घ्यायला सांगितलंत. बिर्याणी झालेली, वर हलवा झालेला, हॉलमध्ये माना डुलत होत्या. तुमच्याच स्लाइड पडद्यावर, खाली तुमचं नाव. कुणी ऐकत नाही हे मला सहन होईना. मग मी म्हणालो, एक देश असा आहे, नाव सांगत नाही, तिथला तपासनीस मेव्हण्याला ‘नाही’ म्हणत नाही, कारण रात्रीचं जेवण त्याच घरात असतं.

हॉल जागा झाला. लोक टेबलावर थापा मारून हसले. नाव सांगायची गरजच नव्हती. एकच तपासनीस असलेला देश त्या हॉलमध्ये एकच होता आणि हे प्रत्येकाला माहीत होतं. एनॉक हसले नाहीत. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, टेबलावर ठेवलं, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि बाहेर गेले. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील. इतका मी खुशीत होतो.

सत्र संपल्यावर ते दाराबाहेर तुमच्यासमोर उभे होते. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत आलो आणि त्यांचा प्रश्न ऐकला. “मॅडम, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या सहकाऱ्याला भाषणात घालायला तुम्ही दिलंत?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. बसलेल्या घशानं म्हणालात, “माझ्या तोंडून गेलं. माझी चूक आहे.”

भाषणात घालायला दिलं नव्हतं, हे तुम्ही म्हणाला नाहीत. ते मी म्हणायचं होतं. मी वायर गुंडाळत राहिलो. ती गुंडाळून झालेली होती, तरीही.

घरी जाताना गाडीत मी म्हणालो, “ताई, तुम्ही कशाला...”

“तुला कुणी सांगितलं? मीच ना? मग तोंड माझंच फुटलं. तू नुसता भोंगा.” थोड्या वेळानं म्हणालात, “पण भोंगा फार मोठा आहे रे तुझा. आता गप्प बस आणि सिग्नल बघ.”

एवढंच. नंतर कधीच त्याविषयी बोलला नाहीत. मीही नाही. सुरुवातीला माझा नोकरीचा करार नव्याने व्हायचा होता, म्हणून भीती वाटत होती. करार झाला. मग वाटलं, आता काढून काय उपयोग. पुढे पुढे तर मला खरंच वाटायला लागलं की चूक थोडी तुमचीही होती, तुम्ही मला सांगायलाच नको होतं. माणूस स्वतःसाठी किती चांगला वकील असतो, ताई! तुम्हीसुद्धा हरला असता माझ्यापुढे.

एनॉक यांचा देश बाजूला झाला. ‘आम्ही विचार करू’ एवढंच कळवलं त्यांनी. त्यांच्या मागे आणखी दोन देश रेंगाळले. आपल्याला सांगितलेलं बाहेर जातं, असं कानोकानी झालं. मसुद्याचं नेतृत्व दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेलं आणि तुम्ही त्याच्या मागच्या खुर्चीवर बसायला लागलात. कॉफीच्या खोलीत तुमच्याबरोबर यायला माणसं कचरू लागली. मी विचारलं, “वाईट वाटतं का?” तर म्हणालात, “छे रे. मागच्या रांगेत एसी कमी लागतो. आणि समोरच्याच्या टकलावर माशी बसली की बैठक मजेत जाते.” आणि त्याच मागच्या खुर्चीतून त्या तज्ज्ञाला चिठ्ठ्या पाठवून निम्मी कलमं तुम्हीच लिहिलीत. त्याला वाटलं त्यालाच सुचली. तुम्ही त्यावरही खूष.

आपलं शेवटचं भांडण आठवतं? प्राधिकरणाचं कार्यालय कुठल्या देशात असावं यावरून. मी म्हणत होतो, सगळ्यात मोठ्या देशात. तिथे विमानतळ मोठा, इंजिनिअर मिळतात, इंटरनेट चालतं. तुम्ही सोहारच्या ओट्याशी उलथनं घेऊन उभ्या. “पाटलाच्या दारात विहीर खणली की ती पाटलाची होते, जयंता. सगळ्यात लहान देशात असावं.”

“सगळ्यात लहान म्हणजे एनॉकचा. तो तर आत यायलाच तयार नाही.”

“येईल,” तुम्ही म्हणालात. “गरज त्यालाच सगळ्यात जास्त आहे. फक्त त्याला परत दाराशी आणणारं कुणीतरी पाहिजे.” अविनाशराव आतून ओरडले, “आधी मला कुणीतरी जेवायला वाढा, मग आफ्रिका बघा.” तुम्ही हसलात आणि धिरडं उलटलंत. तुम्ही टोमणा मारला नव्हता, मला माहीत आहे. तुम्हाला टोमणा मारायचा असता तर तो कळल्याशिवाय राहिला नसता. तरी त्या दिवशी मी दुसरं धिरडं घेतलं नाही.

त्यानंतर तुम्ही गेलातच. इतक्या अचानक की फोनवर आलेली तुमची ‘पोचलास का?’ ही विचारणा मी उत्तर न देता ठेवली होती, ऑफिसात भेटूच म्हणून.

तुमचं दिवसकार्य झाल्यावर सोहारला गेलो. घर माणसांनी भरलेलं. अविनाशराव मला गॅलरीत घेऊन गेले. “अरे, तुमच्या त्या एनॉकचा फोन आला होता,” ते म्हणाले. “भला माणूस. एवढ्या लांबून फोन केला. म्हणाला, ‘मॅडमकडून एक चूक झाली, पण मी ती मनात ठेवलेली नाही. त्या चांगल्या होत्या.’ कसली चूक रे? ही मला कधी काही बोलली नाही.”

ताई, लोक गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं बोलतात. तुम्हाला मात्र सांत्वनाच्या फोनवरसुद्धा माफी मिळाली, न केलेल्या गुन्ह्याची. मी तिथेच अविनाशरावांना सगळं सांगितलं. ते कठड्याला टेकले. मग म्हणाले, “म्हणजे तिनं घरातसुद्धा तुझं नाव घेतलं नाही. आणि मी मीठ जास्त घातलं तर अख्ख्या सोहारला कळायचं.” आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसणं राहिलं नाही. जाताना ते म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग.”

पुढची बैठक मस्कतलाच होती. एनॉक येणार होते, पण नुसतं ऐकायला. सही करणाऱ्यांत त्यांचा देश नव्हता. मी त्यांना कॉफीच्या खोलीत गाठलं. तुमच्यासारखंच आधी आईची तब्येत विचारली, मुलांचं विचारलं. त्यांना बहुधा कळलं की मला भलतंच काही बोलायचंय. तुम्हाला जमायचं तसं मला जमत नाही. मग सांगून टाकलं. विनोद माझा, तुम्ही मला विश्वासानं सांगितलेलं मी उचललं, दोष तुम्ही घेतलात, मी घेऊ दिला.

त्यांनी शांतपणे ऐकलं. रागावले नाहीत. म्हणाले, “तुम्ही मला हे इथे सांगताय. पण लोक हसले होते ते तिकडे.” आणि बोटानं हॉलचं दार दाखवलं.

तेव्हा मला तुमच्या नियमाची दुसरी बाजू कळली. ती तुम्ही कधी सांगितली नव्हतीत, किंवा माझ्यावर सोडली असेल. कॉफीच्या खोलीतलं हॉलमध्ये न्यायचं नाही हे खरं. पण हॉलमध्ये केलेलं कॉफीच्या खोलीत फेडताही येत नाही.

मी सलीमसाहेबांकडे गेलो. “साहेब, जेवणानंतर मला दोन मिनिटं हॉलमध्ये बोलायचंय.”

“विषय?”

“माझी चूक.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दोन मिनिटांत बसेल?”

ऐकून घेतल्यावर मात्र त्यांनी थट्टा केली नाही. “यल्ला, बोल,” म्हणाले, “पण जेवणानंतर नको. जेवणाआधी. लोक जागे असताना.” एनॉकना सगळं सांगायचंच होतं, म्हणून मी अविनाशरावांना आदल्या दिवशीच सोहारहून यायला सांगितलं होतं. ते मागच्या रांगेत बसले, तुमच्या खुर्चीवर. एसी कमी लागतो म्हणाले.

तुम्ही कुठलाही मसुदा शेवटच्या पानापासून वाचायच्या. आधी सही कुणाकुणाची आहे ते बघायचं, मग कलमं. म्हणून शेवट आधी सांगतो: त्या संध्याकाळी एनॉक यांनी हात वर करून सांगितलं की त्यांचा देश आत येतोय. कार्यालय कुठे, यावर अजून भांडण चालू आहे. मी आता सगळ्यात लहान देशाच्या बाजूनं बोलतो. पटलंय म्हणून, असं पूर्णपणे नाही. पण तुमची बाजू मांडायला कुणीतरी हवं ना. पाटलाच्या विहिरीचं उदाहरण मी तुमचं म्हणून सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. ते सगळ्यांना लगेच कळलं. पाटील तिकडेही असतात, म्हणाले.

आणि हे त्याच्या आधीचं. मी उभा राहिलो तेव्हा हातात कागद नव्हता आणि पडद्यावर काही नव्हतं. बोललो ते साध्या इंग्रजीत. तुम्हाला असं सांगतो:

“मागे एकदा याच जागी उभं राहून मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली आणि तुम्ही हसलात. ती गोष्ट हसण्याची नव्हती. आपल्या लोकांची विमानं सुरक्षित राहावीत म्हणून एक माणूस स्वतःचा अधिकार वाटून द्यायला तयार होता. त्यानं ते विश्वासानं मॅडम शुभा यांना सांगितलं. त्यांनी मला सांगितलं ते त्या माणसाबद्दलच्या आदरानं. मी ते चोरलं आणि तुम्हाला जागं ठेवायला वापरलं. दोष त्यांच्यावर आला तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. मिस्टर एनॉक, मॅडम शुभा यांनी तुमचा विश्वास मोडला नाही. तो मी मोडला. या सगळ्यांसमोर मी तुमची क्षमा मागतो. आणखी एक क्षमा मागायची राहिली आहे. ती व्यक्ती आता इथे नाही, आणि तिच्याशी मी दुसऱ्या भाषेत कधी भांडलो नाही, म्हणून तेवढं आमच्या भाषेत बोलू द्या. ताई, चुकलो. तेव्हाच बोलायला हवं होतं, बोललो नाही. मला माफ करा.”